लाल म्हणजे काढायचं

"ताई, या दोन गोलांतला खड्डा कुठला आणि उशी कुठली?"

आमच्या वर्कशॉपमधल्या नव्या कारागिरानं हे विचारलं तेव्हा मी डबा खात होते. मी जेवत असताना कुणी काम काढलं की माझं डोकं फिरतं, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. त्याला बिचाऱ्याला नव्हतं. "डोळे आहेत ना? लाल तो खड्डा, निळी ती उशी," मी वर न बघताच म्हटलं.

"लाल कुठंय पण?"

त्यानं कागद डब्याशेजारी ठेवला. पावलाचा आकार, त्यात अंगठ्याच्या मुळाशी एक लांबट गोल आणि त्याच्या जरा मागे दुसरा. दोन्ही सारख्याच मापाचे आणि काळे. एकाच जाडीच्या, एकसारख्या काळ्या रेघा. मी कागद उलटा करून पाहिला, जसं काही रंग मागच्या बाजूला लपून बसला असेल.

"मग इतके दिवस कसं केलंत?"

"अंदाजानं. मोठा गोल ती उशी, बारका तो खड्डा, असं धरलं. मी काय ज्योतिषी हाय का, ताई? चित्रात जेवढं हाय तेवढंच मी करणार ना?"

"माझ्या आईची जोडी कुणी केली?"

"मीच की. लय मन लावून केली, तुमची आई म्हणून."

मी हातातला घास डब्यात ठेवला. आईच्या चित्रात मोठा गोल हा खड्डा होता. तो मी स्वतः काढला होता.

हे सगळं कशाबद्दल आहे ते सांगायला हवं, नाहीतर चपलेतल्या खड्ड्यासाठी ही बाई एवढी का कासावीस झाली असं वाटेल. नाशिकला पंचवटीतल्या एका गल्लीत एका ट्रस्टचं वर्कशॉप होतं. ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे, अशांसाठी तिथे मऊ रबराच्या चपला बनायच्या. काहींना पूर्वी कुष्ठरोग होऊन गेलेला, काही माझ्या आईसारखे जुन्या साखरेचे पेशंट. पायात खिळा घुसला तरी या माणसांना कळत नाही. चप्पल चावली तर आपण ओरडतो, काढून फेकतो. दुखणं ही केवढी मोठी सोय आहे, ते ज्याला दुखत नाही त्याच्या घरात राहिल्यावर कळतं.

आईच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली होती. ती भरायला वर्ष गेलं. रोजचं ड्रेसिंग मी करायचे आणि ती छताकडे बघत भाजीचे भाव सांगायची. भरली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आता इथे पुन्हा जखम झाली, तर अंगठ्यावर भागेल असं मी सांगणार नाही." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्यानंतर तिला अनवाणी पाऊल टाकायची बंदी झाली. स्वयंपाकघरात, देवापुढेसुद्धा ती चपला घालून उभी राहायची. शेजारच्या बायका नाकं मुरडायच्या. "देवाला माझ्या पायाचं माहिती आहे," असं म्हणून ही बिनधास्त घंटा वाजवायची.

तिच्या चपलेत जखमेच्या जागेखाली रबर कोरून खड्डा केलेला असायचा, म्हणजे तिथे भार पडू नये. त्याच्या मागे एक छोटी उशी, तो भार उचलायला. वरून कातडं चिकटवलं की दोन्ही दिसायचे बंद. खड्ड्याच्या जागी उशी आली, तर चप्पल बाहेरून अगदी तशीच दिसते. फक्त जिथे भार नको, तिथेच प्रत्येक पावलागणिक दाबत राहते.

मी या कामात आले ती नव्वदच्या दशकात. रविवार कारंज्याजवळ एका डीटीपी सेंटरमध्ये मी लग्नपत्रिका करायचे. गणपती, कलश, सनईवाले, सगळं माउसनं काढायची मला हातोटी होती. आईच्या चपलेसाठी ट्रस्टमध्ये जायला लागले, तेव्हा तिथे पेशंटच्या पावलांचे शाईचे ठसे बघितले. कागद पिवळे पडलेले, कडा कुरतडलेल्या, काहींवर चहाचे डाग. मी म्हटलं, हे मी कॉम्प्युटरवर घेते. ठसा स्कॅन करायचा, त्यावरून रेघ ओढायची. फोटो म्हणजे नुसते ठिपके असतात. मोठा केला की फुटतो. आमचं चित्र तसं नव्हतं. त्यात कॉम्प्युटर सूचना लक्षात ठेवतो: इथून तिथपर्यंत रेघ, अशी वळणारी, एवढी जाड, या रंगाची. कितीही वेळा छापा, रेघ तीच येते.

चपला करणाऱ्या तेव्हाच्या मिस्त्रींकडे एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल असायची. लाल म्हणजे काढायचं, निळं म्हणजे घालायचं. मीही तेच रंग ठेवले आणि कागद सेंटरमधून रंगीत छापून आणायचे. ही पद्धत कुठे लिहून ठेवली नव्हती. लिहायचं कशाला? वर्कशॉप झाडणाऱ्या मावशींनाही ती ठाऊक होती.

दोन हजारनंतर चित्रं ठेवलेल्या फ्लॉप्या दगा द्यायला लागल्या. एकेक डिस्क घरघरायची आणि उघडायची नाही, म्हणजे एका माणसाचं पाऊल गेलं. मग ट्रस्टनं ठरवलं, सगळी चित्रं नीट डिजिटल संग्रहात ठेवायची. मुंबईहून एका कंपनीचे गृहस्थ आले. सौम्य बोलणारे, इस्त्रीचा शर्ट, चहात साखर नको म्हणणारे. त्यांनी आम्हाला समोर बसवून विचारलं, "मॅडम, आमचं काम म्हणजे तुमची चित्रं आणखी पन्नास वर्षांनीही उघडतील अशा साध्या स्वरूपात नेणं. नेताना काही ना काही गळतं. म्हणून आधी सांगा, या चित्रात काय गेलं तर चालणारच नाही?"

प्रश्न चोख होता. आजही मी त्या माणसाला नावं ठेवत नाही.

आम्ही भराभर सांगितलं. माप. आकार. डावा-उजवा. पेशंटचा नंबर. मापावरून तर मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. त्यांनी नमुन्याला केलेलं चित्र पडद्यावर हुबेहूब दिसत होतं, पण छापल्यावर पाऊल लहान यायचं. ते म्हणाले, "दोन्ही शेजारी ठेवून बघा, सारखीच आहेत." मी स्टीलची पट्टी टेबलावर आपटली. "पडद्यावर हत्ती आणि मुंगी सारखेच दिसतात, साहेब. माणूस पडद्यावर चालत नाही." ते हसले आणि त्यांनी माप दुरुस्त केलं. मग प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मी दहा सेंटिमीटरची रेघ घालायला लावली. छापलं की तिच्यावर पट्टी ठेवून बघायची, मगच रबर कापायचं. मी इतकी खूश झाले होते की घरी येताना पेढे आणले.

रंगाचं कुणाच्याच तोंडून निघालं नाही. निघणार कसं? लाल हा आमच्या लेखी रंग नव्हताच, ती सुरी होती. त्यांनी पाहिलं, रेघांची चित्रं आहेत, रेघ काळी केली तर फाइल हलकी होते, कुठेही उघडते. नमुना मंजूर झाल्यावर त्यांनी सगळ्या रेघा काळ्या केल्या. तपासायला मी जे कागद छापले, ते ऑफिसच्या प्रिंटरवर. त्यात काळ्याशिवाय शाईच नव्हती. काळ्या प्रिंटरमधून काळं आलं, यात मला काय वाटणार? तेवढ्यात मिस्त्री गावी निघून गेले आणि नवा कारागीर आला. तो थेट संग्रहातून चित्र छापून घ्यायला लागला. त्यानं लाल-निळं कधी बघितलंच नव्हतं.

आणि पहिल्या काही जोड्यांत आईची जोडी निघाली, कारण मी वशिला लावला होता. घरी आणून पट्टी लावली. मिलिमीटरचा फरक नाही! आई म्हणाली, "या मी लग्नात घालणार." घोटीला मावशीच्या नातीचं लग्न होतं. कोऱ्या चपला खोक्यात राहिल्या, आणि कारागिरानं ते विचारलं त्याच्या आदल्या दिवशी त्या घालून ती हळदीसाठी पुढे गेली. मी लग्नाच्या दिवशी जाणार होते.

डबा तसाच टाकून मी ऑफिसातून मावशीकडे फोन लावला. कितीतरी वेळ नुसती रिंग. मग कुणीतरी उचलला आणि आधी घरातला कल्लोळच ऐकू आला. मावशीची सून होती.

"वहिनी, आईला बोलवा. लगेच."

"तुझी आई होय? अगं, त्या कुठल्या येतात आता! फुगडी खेळतायत विहिणीबरोबर. काय गिरक्या घेतायत, तू बघायला हवी होतीस!"

"तिला बसवा! वहिनी, तिला खाली बसवा, चपला काढायला लावा—"

"काय? ऐकू येत नाही गं! उद्या लवकर ये!" आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. रिसिव्हर नीट ठेवला नसावा, एंगेजच येत राहिला.

फुगडी कशावर खेळतात? चवड्यांवर. सगळा भार नेमका त्याच जागी. माझ्या डोळ्यांपुढे ती गिरकीच येत राहिली. कारागीर दारात उभा होता, पांढराफटक. "ताई, माझं काय चुकलं का?" मला त्याच्यावर ओरडायचं होतं, त्या मुंबईच्या माणसावर ओरडायचं होतं, मिस्त्रींवर, स्वतःवर. "एकही जोडी आता कापू नका. एकही नाही," एवढंच म्हणून मी रिक्षा पकडली.

महामार्ग स्टँडवर घोटीची एसटी लागलेली होती, पण कंडक्टरचा पत्ता नाही. तो पान लावून घेत होता. मी टपरीवर जाऊन त्याला जे बोलले ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. तो निमूट येऊन बसला. गाडी निघाली ती पाथर्डी फाट्यालाच अडकली, पुढे विल्होळीला कुणाच्या तरी बोकडाला चढवायचं की नाही यावर चर्चा झाली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणी आजारी हाय का?" मी म्हटलं, "आई फुगडी खेळतेय." ती खिडकीकडे सरकली.

वाडीवऱ्हे गेलं तरी मी मनात आईच्या पायाचं चित्रच बघत होते. मोठा गोल, लहान गोल. ती रेघ मी किती वेळा नीट केली होती! जखमेच्या कडेपासून थोडी जागा सोडून, वळण कुठेही टोकदार होणार नाही असं. एवढं सगळं त्या संग्रहात शाबूत होतं. आकार होता, जागा होती, माप तर पट्टीवर तोलून घेतलेलं. फक्त त्या गोलाचं काय करायचं, तेवढंच नव्हतं. चित्र एका शब्दानंही बोललं नाही की माझ्यातलं काहीतरी गेलंय. आणि ज्या पायाखाली ते गेलं, तो पायही बोलणार नव्हता.

मावशीच्या दारात मांडव, हळदीनं पिवळी झालेली माणसं, भाताचे टोप. आई ओट्यावर बसली होती. चार बायकांत, गालाला हळद, मांडीवर कुणाचं तरी पोर. पायात नव्या चपला. मला बघून तिचा चेहरा खुलला. "आलीस? उद्या येणार होतीस ना?"

मी पोर उचलून कुणाच्यातरी हातात दिलं, तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि तिचा उजवा पाय माझ्या मांडीवर घेतला. चप्पल काढली. पाऊल उजेडाकडे वळवलं.

अंगठ्याच्या मुळाशी लालभडक चट्टा होता. त्या जुन्या वणावर बरोबर, लांबट, गोल. उशी जशीच्या तशी उमटली होती. मी हाताची मागची बाजू टेकवली. तापलं होतं. डावं पाऊल गार, आणि हे तव्यासारखं. बोटानं हळूच कडेकडेनं चाचपत गेले. कुठे ओल आहे का, कुठे फुगलंय का, कुठे कातडी सुटलीय का. मला नीट दिसेना, कारण माझे डोळे भरून येत होते. पुसले की पुन्हा भरायचे.

कातडी फुटली नव्हती.

"अगं, दुखत नाही मला," आई म्हणाली.

"माहितीये दुखत नाही ते!" मी एवढ्या जोरात ओरडले की मांडवातली माणसं वळून बघायला लागली. "तेच तर! आणि फुगडी कसली घालतेस या वयात? लाज नाही वाटत?"

मी चप्पल हातात घेऊन आतून दाबून बघितली. कातड्याखाली उशी स्पष्ट लागत होती. कुणालाही लागली असती. आई माझ्या हाताकडे बघत होती.

"मलाही लागली होती ती," ती म्हणाली. "काल खोक्यातून काढल्या तेव्हा आत हात घालून बघितलं, डॉक्टरांनी सांगितलंय तसं. नेहमी बोट आत जातं तिथे उंच लागलं."

"मग घातल्यास कशाला?"

"चित्र तू काढलंय म्हटल्यावर," आई म्हणाली, "मला वाटलं, माझ्याच हाताला नीट कळत नसेल. पाय गेले, आता हातही चालले असतील."

दिवसभर ती हे मनात ठेवून हळदीत फिरत होती. हात गेले असं समजून. हात चालतायत तोवर एकदा, म्हणूनच फुगडी घातली असेल, कोण जाणे. मी विचारलं नाही.

लग्न आम्ही ओट्यावर बसूनच बघितलं. पाय उशीवर, जमिनीला टेकू दिला नाही. नाशिकला आल्यावर डॉक्टरांनी बघितलं आणि दोन आठवडे भार टाकू नका म्हणाले. चट्टा फिकट होत होत गेला. वर्कशॉपमधून बाहेर गेलेल्या सगळ्या जोड्या परत मागवल्या, काही मी स्वतः जाऊन आणल्या. त्र्यंबकच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्याला चप्पल काढून द्यायला लावताना त्यानं मला चोर समजून काठी उगारली होती. कुणाचा पाय फुटला नव्हता. नशीब, दुसरं काय.

मुंबईचे गृहस्थ पुन्हा आले. फोनवर मी त्यांना नाही नाही ते बोलले होते, तरी आले. ज्या डिस्क उघडत होत्या, त्यांतून आम्ही रंग परत आणले. ज्या उघडल्या नाहीत, त्या पेशंटना बोलावून पुन्हा शाईचे ठसे घेतले. ते म्हणाले, "मॅडम, काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर उद्या कुणी छापलं तर?" मग आम्ही रंगावरही भिस्त ठेवली नाही. खड्ड्याची रेघ तुटक केली, आणि प्रत्येक गोलात शब्दच लिहिला: काढायचं, घालायचं. मराठी फॉण्ट दुसऱ्या मशीनवर गेला की त्याची चिन्हं होतात, म्हणून ती अक्षरंही रेघांचीच करून टाकली, लग्नपत्रिकेत करायचे तशी.

आईची नवी जोडी झाली. यावेळी कारागिरानं कातडं चिकटवायच्या आधी मला बोलावलं, आणि मी खड्डा डोळ्यांनी बघितला. घरी येऊन चपला तिच्यापुढे ठेवल्या. तिनं सरळ पाय पुढे केला.

"आधी हात घाल आत," मी म्हटलं.

"तू बघितलंस ना?"

"मी बघितलं. तरी घाल."

"बघितलंस तर मग झालं की."

मी तिच्यापुढे बसले. तिचा हात धरला, मुडपलेली बोटं सरळ केली आणि चपलेत घातली. पार अंगठ्याच्या मुळापर्यंत. "काय लागतंय? मोठ्यानं बोल."

तिनं जरा वेळ चाचपलं. तोंडावर अशी भीती, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. मग तिचं बोट खाली गेलं.

"खड्डा आहे," ती म्हणाली.

"बरोबर. तुझे हात धडधाकट आहेत. आणि यापुढे तुझा हात एक म्हणाला आणि मी दुसरं म्हटलं, तर माझं ऐकायचं नाही. कळलं?"

"बरं," आई म्हणाली. आणि दुसऱ्या चपलेत, मी न सांगता, तिनं हात घातला.